सोळा नटांची हळद

आमच्या ट्रकचं पोट जमिनीला घासत असे, आणि त्या पोटावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी पुढे माझ्या लग्नावरही झाली नाही. ट्रक लहानच होता, जुना. आधीच्या मालकाने तो शहरातल्या गुळगुळीत रस्त्यांवर कापडाचे गठ्ठे वाहायला वापरला होता. अण्णांनी तो घेतला आणि बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठच्या मळ्यांतली पालेभाजी भरून आमच्या चामराजपेटजवळच्या मार्केटात आणायला लागले. अण्णा म्हणजे माझे वडील. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत वडिलांना अण्णा म्हणतात, थोरल्या भावाला अण्णा म्हणतात आणि दारावर आलेल्या भाजीवाल्यालाही अण्णाच. हाक कुणाला मारली ते आवाजावरून कळतं.

आता मी त्याच बेळ्ळंदुरात चौदाव्या मजल्यावर राहते. लेकाने घर घेतलंय. खिडकीतून तळं दिसतं, म्हणजे तळ्याचा उरलेला तुकडा दिसतो, आणि खाली गाड्यांची रांग सकाळपासून हलत नाही. सूनबाई पुण्याची. ती म्हणते, "आई, इथे पूर्वी काय होतं?" मी म्हणते, "कोथिंबीर." तिला वाटतं म्हातारी थट्टा करतेय. पण खरंच कोथिंबीर होती. पहाटे त्या बाजूने वारा आला की आधी तिचाच वास यायचा, मग चिखलाचा.

चिखलाचंच सगळं दुखणं होतं. मळ्यातून डांबरी रस्त्यापर्यंत येणारी वाट बैलगाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडून ठेवलेली. मोठे ट्रक त्या चाकोऱ्यांतून उंच पोटाने डुलत निघून जात. आमचा मधल्या उंचवट्यावर पोट टेकून बसायचा आणि चाकं नुसती गरागरा फिरायची. त्या वर्षी दोनदा असा रुतला. दुसऱ्या वेळी बैल आणून ओढून काढेपर्यंत दुपार झाली आणि गाडाभर पालक मार्केटात पोचला तेव्हा त्याला हात लावायची कुणाची तयारी नव्हती. मळेवाल्यांच्या वतीने बोलायचा तो मुनियप्पा, भला माणूस, पण स्पष्ट. त्याने अण्णांना सांगितलं, दसऱ्याला शेवटची संधी. त्या दिवशी भरलेली गाडी आपल्या पायांनी बाहेर निघाली तर काम तुमचं, नाही तर दुसरा ट्रक ठरलेला आहे.

हे काम गेलं असतं तर ट्रक विकावा लागला असता आणि अण्णा परत दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून गेले असते. माझ्या वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ते तसेच होते. महिनामहिना बाहेर. सोलापूर, नागपूर, कुठे कुठे. घरी आले की पाहुण्यासारखे ओसरीवर बसत, आणि मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचत नसे. स्वतःचा ट्रक आला आणि अण्णा रोज दुपारी जेवायला घरी यायला लागले. आंघोळ करून, ओल्या केसांनी, पाटावर बसून सारभात खायचे आणि भुरका मारायचे असा की शेजारच्या घरात ऐकू जावा. आई म्हणायची, "स्वल्प हळू," आणि हसायची. आई बोलायची थोडं. पण अण्णा घरी असायला लागल्यापासून सारात कोकम आणि गूळ एकदम बेताचे पडू लागले होते, हे मला त्या वयातही कळत होतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि तो भुरका घरातून जाऊ नये, एवढंच मला पाहिजे होतं.

ट्रक उंच करायचा ठरलं तेव्हा दसऱ्याला आठवडा होता. गॅरेजवाले पंधरा दिवस म्हणाले. तेव्हा अण्णा म्हणाले, दारातच करू. आमची गल्ली एवढी अरुंद की ट्रक उभा केला की सायकल आडवी धरून न्यावी लागे, पण गल्लीने हूं की चूं केलं नाही. समोरच्या वखारीतून लाकडी ठोकळे आले, कुणाकडून जॅक आला, आणि आमच्या पायरीपुढे ट्रक चार पाय वर उचलून उभा राहिला. मी शाळेपासून अण्णांच्या हाताखाली काम केलेलं. कुठला पाना कुठल्या नटाला बसतो हे मला चमच्या-वाटीसारखं पाठ होतं. आईला ते पसंत नव्हतं असं नाही. अक्काला पसंत नव्हतं. पण तिला पसंत असलेल्या गोष्टी मोजायला एका हाताची बोटंही जास्त झाली असती.

अक्का अण्णांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला, भावाकडे आली आणि घराची सगळी सूत्रं तिच्याकडे गेली. सोवळं-ओवळं, सण, पाहुणे, उसळीतलं मीठ, सगळं तिच्या हुकमाने. अख्खी गल्ली तिला अक्का म्हणायची. नवरात्रात ओसरीवर बाहुल्यांच्या पायऱ्या मांडायची, इथल्या रीतीप्रमाणे. वरच्या पायरीवर राजा-राणी, खाली वाणी-वाणीण, आणि बाजूला आपल्या मराठी रीतीचा घट. दोन्हीकडची रीत पाळायची आणि दोन्हीकडचा नैवेद्य करायचा. रोज संध्याकाळी निराळी उसळ, आज काबुली चणे, उद्या मूग. गल्लीतल्या बाया बाहुल्या बघायला यायच्या आणि जाताना ट्रकखालून बाहेर आलेले माझे पाय बघून जायच्या. "शके, जरा पाय आत घे," अक्का आतून ओरडायची, "स्थळं येतात ती पाय बघून परत जातील."

लोखंडाचं काम करीमसाबांचं. ते पाटे बनवणारे, त्यांची भट्टी मार्केटच्या मागे. ट्रकच्या दर चाकाजवळ पोलादी पट्ट्यांचा एकावर एक रचलेला वाकडा गठ्ठा असतो, त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. गाडीचं ओझं त्या पाट्यांवर. वर्षानुवर्षं ओझं वाहून आमचे पाटे सपाट झालेले. करीमसाबांनी एकेक पाटा भट्टीत तापवून, ठोकून त्याला पुन्हा बाक दिला आणि प्रत्येक गठ्ठ्यात एक पाटा नवा घातला. म्हणजे गाडी आपोआप वर उचलली जाणार. मी भट्टीवर अण्णांबरोबर जात असे. करीमसाब तयार पाटा दोरीला टांगून हातोडीने हळूच वाजवायचे आणि कान लावायचे. चांगला पाटा लांब नाद देतो, चिरलेला ठक करून गप्प बसतो. "लोहा बोलता मां," ते मला म्हणायचे, "सुनने का. जल्दी नक्को." आज कुठलीही गाडी शेजारून गेली की मी अजून कान देते. लेकाच्या गाडीचा मागचा उजवा पाय कुरकुरतो हे त्याच्या आधी मी सांगितलं होतं.

पाट्यांचा गठ्ठा चाकाच्या धुरीला, म्हणजे आसाला, दोन यू आकाराच्या बोल्टांनी आवळलेला असतो. एका बाजूला चार नट, चार चाकांचे सोळा. हे नट आधी नुसते हाताने फिरवून ठेवायचे, मग गाडी जॅकवरून खाली उतरवायची, वजन पाट्यांवर आलं की मगच लांब पान्याने अंग टाकून आवळायचे. हे मला अण्णांनी शिकवलं. आणि त्यांची एक स्वतःची पद्धत होती. नट आवळून झाला की तेलात कालवलेल्या हळदीचं एक बोट त्यावर ओढायचं, नटापासून खालच्या लोखंडापर्यंत. हळद असली म्हणजे आवळलेला, हळद नसली म्हणजे राहिलेला, आणि पुढे नट ढिला पडला तर तो पट्टा तुटलेला दिसतो. रंग विकत आणायचा सोडून हळदच का, तर पहिल्यांदा हाताशी अक्काचा हळदीचा डबा होता. त्यावरून अक्का आठ दिवस बोलली नव्हती, आणि मग स्वतःच एका फुटक्या वाटीत तेल-हळद कालवून ट्रकच्या पायरीवर ठेवायला लागली.

अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत तीन चाकं झाली. बारा नट, बारा बोटं हळद. मागचं डावं चाक राहिलं. ते खंडेनवमीला पहाटे उठून बसवलं, नट हाताने फिरवले, गाडी खाली उतरवली. ट्रक एकदम उंच, छाती काढून उभा. अण्णा दोन पावलं मागे सरून बघत राहिले. आता चार नट आवळले की झालं, एवढ्यात अक्का दारात. राहुकाळ लागायच्या आत पूजा व्हायला पाहिजे, हत्यारं घासूनपुसून लगेच आत. अण्णा म्हणाले, पाच मिनिटं. अक्का म्हणाली, तुझी पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. अण्णा मार्केटात दहा माणसांना गप्प करायचे, पण बहिणीपुढे त्यांची मात्रा चालत नसे. आम्ही पाने धुतले, जॅक धुतला, आणि सगळं बाहुल्यांच्या शेजारी पाटावर मांडलं गेलं. विळी, कात्री, माझा कंपाससुद्धा. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यातल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही. त्या दिवशी आमच्याकडे भाजी चिरत नसत. आदल्या दिवशी चिरून ठेवलेला भोपळा आणि दहीभात.

हत्यारांची पूजा झाल्यावर मी आंघोळीला गेले, अण्णाही गेले. अक्का हळदकुंकू आणि झेंडूचे हार घेऊन ट्रककडे गेली. त्यानंतर कोहळा फुटला, चाकांखाली लिंबं आली, गल्लीभर प्रसाद वाटता वाटता माझा दिवस संपला.

दसऱ्याला पहाटे निघायचं होतं. मुनियप्पाकडे उजाडता पोचायला हवं आणि उत्तरपूजेचा मुहूर्त उजाडल्यानंतरचा. आता काय करायचं, तर अक्काने तोडगा काढला. नाही तरी दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं, तर ती स्वतःच बेळ्ळंदूरला येईल, पूजेतली हत्यारं नव्या पंच्यात बांधून मांडीवर घेईल, आणि मळ्यात पोचून उत्तरपूजा करील. पूजाही मोडायची नाही आणि खेपही चुकायची नाही. मी तेवढ्यात बॅटरी घेऊन मागच्या डाव्या चाकाशी वाकले. चार नट अजून राहिलेत हे काल दिवसभर माझ्या डोक्यात होतं. बघते तर चारही नटांवर हळद. मला हसूच आलं. म्हटलं, अण्णांनी अक्काची नजर चुकवून काम उरकलेलं दिसतंय, आणि आता त्यांचं बिंग आपण कशाला फोडायचं. मी उठले तर अण्णाही त्याच चाकाशी वाकले. त्यांनीही हळद पाहिली. मग माझ्याकडे बघून त्यांनी हळूच डोळा मारला. मीही मारला.

केबिनमध्ये मधे अक्का, मांडीवर लोखंडाचं गाठोडं, त्यावर झेंडूची फुलं आणि दहीभाताचा डबा. उंच झालेल्या ट्रकमधून रस्ता निराळाच दिसत होता. अण्णा गुणगुणत होते. त्यांना सूर नव्हता, पण आनंद झाला की ते गुणगुणायचे. मारतहळ्ळी जवळ आली, तेव्हा ते एक साधं गाव होतं, एक हॉटेल, चार घरं, वडाचं झाड. तिथे रस्त्यावर खड्डा आला, आणि मागून ठक असा आवाज आला. नाद नाही, ठक. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. मी म्हटलं, "अण्णा, थांबवा."

"नवीन पाटे आहेत, बसतील," अण्णा म्हणाले.

"पाटे नाहीत. करीमसाबांचे पाटे असे बोलत नाहीत. थांबवा."

वडाखाली गाडी थांबली. अण्णा खाली उतरून चाकाशी आडवे झाले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मागच्या डाव्या चाकाचे चारही नट शेवटच्या आट्यांवर आले होते. एक तर बोटाने गरकन फिरला. रिकामी गाडी होती म्हणून इथवर आली. मळ्यात माल भरून चिखलात जोर लावला असता तर धुरी सरकली असती आणि चाक वाकडं होऊन गाडी तिथेच बसली असती, मुनियप्पाच्या डोळ्यांसमोर.

"शकू, आवळले नव्हतेस?" अण्णांनी विचारलं. रागावले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"मी कुठे आवळले? तुम्ही आवळलेत ना. हळद होती."

"मी म्हटलं तू आवळलेस."

दोघांनी एकदम वर बघितलं. केबिनच्या दारात अक्का बसली होती, गाठोडं घट्ट धरून.

"हळद मी लावली," ती म्हणाली. "पूजा करायला गेले तर बारांना हळद आणि चौघं तशीच कोरडी. देवाच्या दिवशी असं कसं ठेवायचं? चार दिवस तुम्हाला बघत होते, तसं पोतं टाकलं, आडवी झाले आणि एकेक बोट ओढलं. कंबर अजून दुखतेय."

साठ वर्षांची, सोवळ्यातली आमची अक्का कुणी बघत नाही असं पाहून ट्रकखाली शिरली होती. मला रडू येत होतं आणि हसूही. अण्णा खाली रस्त्यावरच बसले. मी म्हटलं, "पाने दे, अक्का, लवकर." तिने गाठोडं आणखी जवळ ओढलं. उत्तरपूजा झाली नव्हती. उजाडायला लागलं होतं, तिकडे मळ्यात भाजी उपटून जुड्या बांधून तयार असणार, आणि सगळ्या बेंगळुरात आमचे पाने तेवढे तिच्या मांडीवर देव होऊन बसले होते.

अण्णा उठले. मला वाटलं आता ते आयुष्यात पहिल्यांदा बहिणीवर आवाज चढवणार. ते म्हणाले, "अक्के, हे काम गेलं तर मला परत बाहेर जावं लागेल." एवढंच. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ते बोलायचं कुणी नाही.

अक्का खाली उतरली. ट्रकच्या पायरीवर पंचा पसरला, त्यावर पाने ओळीने मांडले, फुलं नीट केली. वडाखालच्या हॉटेलवाल्याकडून काडेपेटी मागून आणली. दहीभाताचा डबा उघडून नैवेद्य दाखवला. मुहूर्ताला अजून वेळ होता हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तिने डोळे मिटून जे काय पुटपुटायचं ते पुटपुटलं, नेहमीच्या निम्म्या वेळात, मग मोठा पाना दोन्ही हातांनी जागचा हलवला आणि माझ्या हातात दिला. अण्णांच्या नाही, माझ्या.

"घे," म्हणाली. "नीट आवळ. मी इथे उभी राहून बघते."

चार नट मी आवळले. अण्णांनी पान्यावर हात ठेवून तपासले, मग उरलेले बाराही तपासले. हळद संपली होती, कुणी लावली नाही. निघताना अक्काने आम्हा दोघांना दहीभात दिला आणि स्वतःला उरला नाही.

मुनियप्पा वाटेच्या तोंडाशी उभाच होता. उशीर झाला होता. गाडी भरली, कोथिंबीर, पालक, राजगिरा, वर ओलं पोतं. अण्णा स्टिअरिंगवर बसले आणि मी मागून चालत निघाले, पोट बघायला. चाकं चाकोरीत उतरली, गाडी डावीकडे झुकली, पाटे दबले. मधला उंचवटा पोटाच्या जवळ जवळ येत गेला. चार बोटं अंतर राहिलं, आणि चारच राहिलं. एकदाही घासलं नाही. मळ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधावर अक्का पदर खोचून उभी होती. गाडी डांबरावर चढली तेव्हा तिने तिथूनच हात जोडले, कुणाला ते ठाऊक नाही.

"सरी," मुनियप्पा अण्णांना म्हणाला. "नाळेनू बन्नी." ठीक आहे, उद्याही या.

पुढच्या वर्षांची खंडेनवमी आमच्याकडे निराळी झाली. अक्का हळद घेऊन ट्रकपाशी आली की आधी ओरडायची, "शके, आवळलं का सगळं?" आणि मी हो म्हटल्यावरच वाटीत बोट बुडवायची. ती गेली, अण्णा गेले, ट्रक तर केव्हाच भंगारात गेला. मी पुढे बँकेत नोकरी केली आणि पान्याऐवजी पेन धरलं. पण अजून दर खंडेनवमीला इथल्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मी लेकाच्या गाडीशी वाकते, चाकांचे नट हाताने चाचपते आणि मगच हळद लावते. रखवालदार हसतो. हसू दे.

त्या दसऱ्याला मार्केटात माल उतरवून आम्ही घरी आलो तेव्हा आईने पानं मांडली होती. अण्णांनी आंघोळ केली, ओल्या केसांनी पाटावर बसले, सारभात कालवला आणि असा भुरका मारला की शेजारच्या घरातून कुणीतरी हसलं. आईने "स्वल्प हळू" म्हटलं नाही. तिने त्यांच्या पानात आणखी सार वाढलं.